माझ्या लेकीची पाठ

माझी लेक फोन उचलत नाही. उचलला तर "हं, हं" करते, जसं काही मी हरवलेल्या शर्टाची चौकशी करायला आलेलं गिऱ्हाईक आहे. "कामात आहे आई, नंतर करते." तिचं नंतर कधी उजाडत नाही. घरी ये म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. नऊ महिने पोटात बाळगली, तेव्हा हिला कुठे जायची घाई नव्हती.

तिचं काम सांगते, म्हणजे कळेल. सिनेमातल्या नटीचे हात चांगले नसले की हिचे हात दाखवायचे. नटी पाठ उघडी टाकायला तयार नसली की हिची पाठ. चेहरा नटीचा, बाकीचं अंग आमचं. त्याला तिकडे डुप्लिकेट म्हणतात. मला तो शब्द मुळीच आवडत नाही. आमच्याकडे खोट्या साबणाला डुप्लिकेट म्हणतात.

"आणि तुझं तोंड काय वाईट आहे?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"तोंडाला नाव लागतं, आई. हाताला लागत नाही."

सुरुवातीला ती आठवणीनं सांगायची. अमक्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला पडदा सारणारा हात माझा. तमक्या सिनेमात जिना उतरणारे पाय माझे. कुणाला सांगू नकोस म्हणायची, त्यांच्यात तसा नियम असतो. मी कुणालाच सांगितलं नाही, फक्त दुकानात येणाऱ्यांना सांगितलं.

दुकान म्हणजे लाँड्री. पुढे दुकान, मागे माझी खोली. नवरा गेल्यापासून मी एकटीच चालवते. हॉटेलच्या चादरी, दवाखान्याचे कोट, घरोघरचे शर्ट. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला समोर यावं लागत नाही. कॉलरवरून सांगते कोण मान घासून धुतो, बाहीवरून सांगते कोण जेवताना टेबलावर रेलतो, आणि एका गृहस्थाच्या खिशातल्या तंबाखूच्या चुऱ्यावरून त्याच्या बायकोच्या आधी मला कळलं होतं की त्यानं पुन्हा सिगारेट धरली. कपड्यावरून माणूस ओळखण्यात मी आजवर चुकले नाही. मग पोटची पोर हातावरून ओळखणं म्हणजे काय मोठं!

धाकटी जाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहते. दुपारी येते, दुकानातली एकुलती एक खुर्ची अडवते आणि इस्त्रीच्या उबेत गुडघे शेकते. तिला मी प्रत्येक वेळी टीव्हीवर दाखवायची, "तो बघ हात!"

"ताई, रागावू नका," ती एकदा म्हणाली, "पण तुमची पोर मला कधी मानेच्या वर दिसलीच नाही. पुढेमागे रस्त्यात भेटली तर मी ओळखायची कशी? आधी पाठ कर म्हणू?"

"तुझी सून दिसते ना अख्खी, तेवढं पुरे आहे रस्त्याला," मी म्हटलं. तिची सून अंगानं भरलेली आहे. जाऊ दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी गुडघे दुखले, आली.

पुढे लेकीचं सांगणं कमी झालं, मग बंदच झालं. मी विचारलं तर "असंच, चाललंय" म्हणायची. नाही सांगत तर नको सांगू, मी काय आंधळी आहे? मीच शोधायला लागले.

आणि मग ते गाणं आलं. तुम्ही बघितलं असेल, सगळीकडे तेच वाजत होतं. त्यात एक गडी आहे. तो डोक्यापासून बुटापर्यंत दिसतो. चालतो, हसतो, सफरचंद खातो, गाडीला टेकून उभा राहतो. त्याच्याबरोबर त्याचा कुत्रा आहे. आणि बाई? तिची टाच दिसते. टाचेवरून तो कॅमेरा मुंगीसारखा वर चढतो. पोटरी, गुडघा, मग कमरेपाशी असा रेंगाळतो की वाटतं याचं काही सांडलंय तिथे. मग पाठ, मग मान. आता तोंड येणार म्हणून आपण बघत राहावं, तर पुन्हा तो गडी आणि त्याचं सफरचंद. नटीचा चेहरा अख्ख्या गाण्यात दोनदा येतो, रेशन कार्डावरच्या फोटोएवढा. कुत्र्याचं तोंडसुद्धा तिच्यापेक्षा जास्त वेळ दाखवलंय.

पण ती पाठ माझ्या लेकीची होती. डावा खांदा किंचित वर. लहानपणापासून तिचा तसाच आहे, मी कितीदा दाबून खाली केला. फोनवर मी तिला म्हटलं, "गाण्यात पाठ खंगलेली दिसते तुझी. जेवतेस की नाही?"

पलीकडे तिनं हातातलं काहीतरी खाली ठेवलं. मग म्हणाली, "जेवते, आई."

बस, मला तेवढं पुरलं.

संध्याकाळी गिऱ्हाईक सरलं की मी टीव्ही लावून ठेवायची. गाणं लागलं की इस्त्री उभी करायची आणि म्हणायची, "आलीस?" मग तिला दिवसभराचं सांगायचं. चादरींना खळ नीट बसली नाही, दवाखान्यातल्या कोटांवर शाईचे डाग होते, काकूचे गुडघे काही बरे होत नाहीत. कडवं संपायच्या आत उरकावं लागायचं. पाठ झाली की हात यायचे, ते ओंजळीत पाणी घ्यायचे. "गार पाण्यात हात घालू नकोस," मी म्हणायची. मग सफरचंदवाला यायचा आणि मी इस्त्री पुन्हा आडवी करायची. खोलीत दुसरं कुणी बोलत नव्हतं, तर मी काय भिंतीशी बोलू? ही निदान माझी तरी होती.

परवा दुपारी हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालत होते. त्या दोघांनी घालायच्या चादरी. एकटीला मधला भाग हनुवटीखाली धरावा लागतो. तर कुणीतरी दारातून आत येऊन समोरची दोन टोकं उचलली. मान हलवता येईना, मला फक्त हात दिसले. राठ, नखं पार कापलेली, मनगटापर्यंत भाजल्याचे चट्टे, काही जुने काही नवे.

"अहो बाई, गिऱ्हाइकांनी आत यायचं नसतं," मी हनुवटीतूनच म्हटलं. "आणि चादर सोडा आधी, डाग पडेल."

"टोकाला टोक जुळव आई, तुझी बाजू लोंबतेय."

चादर माझ्या हनुवटीखालून सुटली. माझी लेक होती. केस कापलेले, अंगानं चांगली भरलेली, डोळ्यांखाली काळं. ती माझ्यासमोर अख्खी उभी होती, आणि मी तिला बाहेर काढत होते.

मी तिला आत नेलं, बसवलं, खायला घातलं. हाताबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर ती सांगणार होती, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. त्याऐवजी मी टीव्ही लावला. ते गाणं काय, कधीही लागतंच. लागलं.

"बघ," मी म्हटलं, "आता येशील तू."

टाच आली, कंबर आली, पाठ आली. लेकीनं घास खाली ठेवला.

"आई, ही मी नाही."

"खांदा बघ की!"

"कॅमेरा तिरका धरलाय. खाली उभं राहून घेतलं की सगळ्यांचा खांदा तसाच दिसतो." ती टीव्हीकडे बघत नव्हती. "आणि ही एक बाईसुद्धा नाहीये. पाय एकीचे घेतात, पाठ दुसरीची, हात तिसरीचे. ज्या दिवशी जी मोकळी असेल ती. कपडे तेवढे एकच. एकमेकींना भेटतही नाहीत त्या."

टीव्हीत ओंजळीनं पाणी घेतलं. मी नेहमीसारखं बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"मग तू कुठे असतेस?"

"बेकरीत. भट्टीवर. दीड वर्ष झालं." तिनं चट्टे बाहीखाली ओढले. "तिकडे मला कंबर म्हणायचे. 'कंबर आली का? कंबरेला उभं करा.' पाण्याची बाटली द्यायची तरी, 'कंबरेला पाणी द्या.' एक दिवस कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली, आणि मी वळलेच नाही. मला वाटलं दुसरीच कुणीतरी आहे. त्याच दिवशी सोडलं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू इतकी खूश होतीस. फोनवर त्या पाठीचंच बोलायचीस. जेवली का, वाळली का. मला वाटलं, नाही म्हटलं तर तुझ्याजवळ काय राहील? मग घरी तरी कुठल्या तोंडानं येऊ? तू माझे हात बघितले असतेस."

मी टीव्ही बंद केला. खोली एकदम मोठी झाली. इतके महिने संध्याकाळी मी जिला दिवसभराचं सांगितलं, ती कुणाची तरी लेक होती, तीन जणींची मिळून एक, आणि त्यांच्यातल्या एकीलाही माझा शब्द पोचला नव्हता. जिला सांगायचं होतं, ती कुठेतरी भट्टीसमोर एकटी उभी होती आणि फोनवर "जेवते" म्हणत होती.

लेक उठली. खिडकीशी गेली, मला पाठमोरी. खांदे हलायला लागले. दोन्ही सारखेच होते, हेही मला आजच दिसलं.

"ऐक," मी म्हटलं. "काम सोडलंस ते बरं केलंस. उशिरा केलंस, पण बरं केलंस. भट्टीला मी नावं ठेवणार नाही. पण आईला परक्या पोरींशी बोलत बसवलंस, हे वाईट केलंस, आणि ते मी विसरेन असं समजू नकोस. म्हणे तुझ्याजवळ काय राहील! अगं शहाणे, तू राहिली असतीस ना? खोटं बोललीस, वर मलाच एकटं टाकलंस आणि स्वतःही एकटी राहिलीस, एवढं नुकसान कुणा शत्रूला करता आलं नसतं. आता वळ. खाली नको बघू, इकडे बघ. रडायचं तर माझ्याकडे तोंड करून रड, पाठ पुष्कळ बघितली मी."