गाळाचा नकाशा

मोहनाचं लग्न ठरलं ते दोन हजार चोवीस साल. मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये माझा मुलगा माधव पत्रिकेचा मसुदा घेऊन बसला होता.

"आई, लक्ष्मणमामाच्या नावाआधी आता तरी कै. घालायचं ना?"

"नाही. तो बेपत्ता आहे."

"एकवीस वर्षं?"

"असू दे."

लक्ष्मण माझा धाकटा भाऊ. जखौ बंदरातल्या मासेमारी बोटीवर खलाशी होता. जाळं ओढताना पाण्यात पडला, सापडला नाही. पाकिस्तानची हद्द तिथून जवळच. वाहत पलीकडे लागला असेल, तिकडच्या तुरुंगात असेल, असं मी धरून चालले. भाऊबीजेला चंद्राला ओवाळत आले. सुटलेल्या मच्छीमारांची यादी पेपरात येते. दुसऱ्याने वाचलेली मला पटेना, म्हणून छप्पन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले.

मोहना, माधवची मुलगी, सयाजीगंजच्या एका ऑफिसात आहे. समुद्रात पवनचक्क्या उभारण्याआधी तिथल्या पाण्यावर, माशांवर काय परिणाम होईल ते तपासतात. आपल्याकडचा आणि पलीकडचाही. त्या रविवारी तिच्या लॅपटॉपवर निळा नकाशा होता.

"हे काय गं?"

"खांब रोवताना गाळ उठणार. तो पाकिस्तानच्या पाण्यात किती जाईल ते बघतेय. गाळाला काय पासपोर्ट लागतो, आजी?"

"जुन्या दिवसांचंही सांगतं हे?"

"तेव्हाचा वारा, प्रवाह, सगळं साठवलेलं असतं. का?"

लक्ष्मण पडला तेव्हा बोटमालकाने लिहून दिलेला कागद मी आणला. त्यावरची जागा आणि तारीख वाचून दाखवली. मोहनाचं हसू गेलं.

"आजी, रहेवा दे ने, राहू दे. हे गाळाचं गणित आहे, माणसाचं नाही."

"तू टाक."

तिनं आकडे भरले. नकाशावर लाल रेघ निघाली. हद्द ओलांडून वायव्येला सरकत गेली आणि किनाऱ्याला टेकली. मी म्हणत होते तसंच.

"बघ, लागला की नाही पलीकडे!"

मोहना माझ्याकडे बघेना.

"किती दिवसांनी?" मी विचारलं.

"एकोणीस."

"पोहायला चांगला होता तो."

"प्यायला पाणी नव्हतं ना, आजी."

माधव दारात उभा होता. त्याच्या हातातलं पेन मी मागून घेतलं. मसुद्यावर कै. माझ्या हाताने लिहिलं.

माझा भाऊ लक्ष्मण कार्तिक शुद्ध दशमीला, तीन नोव्हेंबर दोन हजार तीन रोजी, समुद्रात वारला.