जन्माचं ठिकाण

वकीलबाईंनी दोन्ही प्रतिज्ञापत्रं टेबलावर शेजारीशेजारी मांडली, चष्मा काढला आणि विचारलं, "एकाच सकाळी दोन घरी जन्माला येणं तुम्ही कसं काय जमवलंत?"

समोर बसलेला माणूस कवळ्या बनवायचा, म्हणून सगळे त्याला कवळीकर म्हणत. तो कागदांवर वाकला. पहिल्या कागदात त्याच्या आत्याने शपथेवर सांगितलं होतं, की भाचा आपल्या राहत्या घरी, आपल्या डोळ्यांदेखत जन्मला. दुसऱ्यात मामाने तितक्याच गांभीर्याने, तितक्याच शिक्क्यांखाली तेच सांगितलं होतं. फक्त घर मामाचं होतं.

"यातलं खरं कुठलं?"

"तसं लहानपणापासून दोन्ही खरंच होतं," कवळीकर ओशाळून म्हणाला. "आत्याकडे असलो की तिच्याकडे जन्मलेलो असायचो. सुट्टीत मामाकडे गेलो की मामाकडे."

वकीलबाईंना यात काही गंमत वाटली नाही. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख जवळ आली होती. जन्माचा दाखला नसेल तर तशी नोंद नसल्याचा कागद आणि जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोघा वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, असा नियम होता. दोघांनी दोन गावं सांगितली तर फाइल बाजूला पडेल, आणि बाजूला पडलेली फाइल पुन्हा वर यायला वर्ष लागतं की दोन, हे खुद्द फाइलवाल्यांनाही सांगता येत नाही.

कवळीकराकडे वर्ष नव्हतं. त्याची बायको समुद्रापलीकडे एका इस्पितळात नर्स होती, तीही नेमकी प्रसूतीच्या वॉर्डात, आणि आता स्वतःच दिवसांत होती. शेवटचे महिने लागले होते. रोज सकाळी त्याचा चहा आणि तिची रात्रपाळी एकाच वेळी संपायची, तेव्हा दोघं फोनवर भेटत.

"इथे पोर रडायच्या आधी त्याच्या पायाला नाव-नंबराची पट्टी बांधतात," ती म्हणाली. "आणि तू एवढा मोठा घोडा झालास, तुझा पत्ता नाही! अरे, तुझ्या घरात एकालाही सुचलं नाही का नोंद करायचं?"

"आई असती तर विचारलं असतं."

आई तो शाळेत जायच्या आधीच गेली होती आणि वडील तिच्या मागोमाग. मग पोराला वाढवलं आत्याने आणि मामाने, वाटून घेऊन. शाळेचे दिवस आत्याचे, सुट्ट्या मामाच्या. दोघांनी त्याला जीव लावला आणि एकमेकांशी उभा दावा मांडला. पोर आमचं, कारण आमच्या घरी जन्मलं, हा दोघांचाही हुकमी मुद्दा. त्याला आपल्या जन्माबद्दल एवढं ऐकवलं गेलं होतं, की आपण नक्की कुठे जन्मलो हे विचारायचं त्याला कधी सुचलंच नाही.

नोंद नसल्याच्या कागदाचीही तीच गत. आत्याच्या गावच्या जन्म-मृत्यू नोंदणी खिडकीवरचा कारकून म्हणाला, "नोंद नाही असं लिहून देतो की. पण आधी इथे जन्मलात हे सिद्ध करा."

"ते सिद्ध करता आलं असतं तर नोंद नसल्याचा कागद कशाला मागितला असता?"

"तो तुमचा प्रश्न झाला," कारकून म्हणाला आणि जेवायला गेला.

कवळीकर प्रयोगशाळेत परतला. प्रयोगशाळा हे नाव मालकाने दिलेलं. खरं तर ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागची खोली होती. प्लॅस्टरची धूळ, वितळलेल्या मेणाचा वास, फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. आत्याची आणि मामाची कवळीही त्यानेच करून दिली होती, मन लावून, दोघांच्या हिरड्यांचा एकेक उंचवटा बघून. त्याच कवळ्या लावून दोघं एकमेकांवर तोंडसुख घ्यायचे. आत्याची तर खास पद्धत होती. नको तो विषय निघाला की ती कवळी काढून वाटीत ठेवायची. मग बोलणं संपलं असं समजायचं.

दोन प्रतिज्ञापत्रांकडे बघता बघता त्याला वाटलं, वरची आणि खालची कवळी वेगवेगळ्या तोंडांवरून केली तर जसं होईल तसं हे झालंय. आणि त्यावरूनच त्याला युक्ती सुचली.

रविवारी दवाखाना बंद होता. त्याने आत्याला सांगितलं, कवळी घासून, चकचकीत करून देतो. मामालाही तेच सांगितलं. दोघं दारातच समोरासमोर आले.

"मामासाहेब आलेत वाटतं," आत्या भिंतीला उद्देशून म्हणाली.

"बाईसाहेबांना आधी बसू दे," मामा दुसऱ्या भिंतीला म्हणाला. "वय झालंय त्यांचं."

कवळीकराने दोघांना एकाच बाकावर बसवलं, दोन वाट्या पुढे केल्या, कवळ्या घेतल्या, धुतल्या, आणि घासण्याच्या यंत्राजवळ न जाता त्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

"मी कुठे जन्मलो ते सांगा," तो म्हणाला. "खरं. मग दात मिळतील."

दोघांची तोंडं आत गेली होती, आणि तशी ती दोघं एकमेकांची सख्खी भावंडं दिसत होती.

"हीच का रे वाढवल्याची परतफेड?" आत्या म्हणाली.

"परतफेड नंतर बघू. जेवणाची वेळ होत आलीय."

मामाला भूक कधीच सहन व्हायची नाही. त्याने थोडा वेळ टोपीशी चाळा केला आणि मग म्हणाला, "तिठ्यावर."

"कुठल्या तिठ्यावर?"

"गावाबाहेरच्या. टेम्पोत."

"गप्प बसा!" आत्या ओरडली.

पण आता मामा थांबणार नव्हता. आईला एकाएकी कळा सुरू झाल्या. गाद्या बनवणाऱ्या शेजाऱ्याचा टेम्पो मिळाला. आत गाद्याच होत्या, त्यामुळे झोपायची सोय उत्तम. टेम्पो तिठ्यावर आला, आणि आत्या म्हणाली डावीकडे घ्या, आमच्या गावची सुईण हुशार आहे. मामा म्हणाला उजवीकडे घ्या, आमच्याकडे डॉक्टर आहे. डावीकडे, उजवीकडे. ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि तो बिडी ओढायला खाली उतरला. दोघांचं तोंड काही बंद होईना. शेवटी मागून तिसराच आवाज आला, तेव्हा दोघं वळून बघतात तर पोर गादीवर.

"नोंद का नाही केलीत?"

"दोघांच्या सह्या लागणार होत्या," मामा म्हणाला. "हिच्याकडे सही मागायला जायचं कोणी?"

"आणि तिठ्यावर झालं म्हणून सांगायचं कोणाला?" आत्या पुटपुटली. "लोक काय म्हणाले असते? दोन शहाणी माणसं सोबत, आणि बाई रस्त्यात बाळंत झाली."

कवळीकराला हसावं की कपाळाला हात लावावा ते कळेना. त्याने कपाट उघडलं आणि दोघांच्या हातात वाट्या दिल्या. आत्याने कवळी लावली नाही. मात्र या खेपेला ती बोलत राहिली.

"एक सांगून टाकते. प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्या मुलीने मला बजावलं होतं, दोघांचं लिहिणं जुळायला हवं, नाहीतर काम होणार नाही. मला माहीत होतं. तरी मी माझं घर लिहायला लावलं."

"का गं आत्या?"

"तू जाऊ नयेस म्हणून. आणखी कशाला?" ती चिडूनच म्हणाली. "वाटलं, तुझी बायको येईल बाळंतपणाला इकडे. मी करीन सगळं. आता इथे माझं आहे कोण?"

मामा खाली बघत होता. "तिने मलाही बजावलं होतं," तो म्हणाला.

कवळीकर दोघांच्या मधे बाकावर बसला. त्याला दोघांचा राग यायला हवा होता आणि तो आलाही होता, पण त्या बोळक्या तोंडांकडे बघून तो टिकेना. त्याला रडू आलं. आत्याने पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि मग जरा अवघडून पदराचं टोक मामाकडे सरकवलं. मामाने आपला रुमाल काढला. तेवढी माघार त्याला झेपली नसती.

दुसऱ्या दिवशी दोघांनी वकीलबाईंसमोर नवी प्रतिज्ञापत्रं केली. तिठा दोन गावांच्या हद्दीवर होता, म्हणून वकीलबाईंनी दोन्हीकडचे कागद मागवले. ते आनंदाने मिळाले. ही जागा आमच्याकडे येत नाही, सबब नोंद नाही, असं दोन्ही कचेऱ्यांनी एका दमात लिहून दिलं. न केलेल्या कामाचं श्रेय घ्यायला तो जेवायला गेलेला कारकूनही वेळेवर हजर होता.

मुलाखतीच्या दिवशी कवळीकराने तिठा, टेम्पो, गाद्या, ड्रायव्हर, बिडी, सगळं पाठ केलं होतं. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने जन्माचे कागद असल्याची खूण केली आणि न वाचताच पान उलटलं.

"बायको काय करते?"

"नर्स आहे. प्रसूतीच्या वॉर्डात."

"बाळ कधी होणार?"

त्याने सांगितलं. अधिकाऱ्याने कॅलेंडरकडे बघितलं, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, "मग लवकर तिकीट काढा." निदान वाचा तरी, असं कवळीकराच्या अगदी ओठांवर आलं होतं. दोन माणसांनी आयुष्यभराची अब्रू त्यात लिहून दिली होती. पण त्याने आभार मानले आणि तो बाहेर पडला.

निघायच्या दिवशी आत्याने त्याला हवं त्यापेक्षा कितीतरी आधी घराबाहेर काढलं. टॅक्सीत पुढे मामा, मागे आत्या आणि तो, मांडीवर बॅग. बॅगेत आत्याने दोघांच्या, त्यानेच पूर्वी करून दिलेल्या जुन्या कवळ्या कापडात बांधून घातल्या होत्या. "तिकडे काम मागायला गेलास की दाखव. अजून एक दात हललेला नाही म्हणावं." वाटभर मामाने ड्रायव्हरला गिअर कधी बदलायचा ते शिकवलं आणि आत्याने मामाला गप्प बसायला शिकवलं.

तिठा आला. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि विचारलं, "विमानतळाला दोन्हीकडून जाता येतं. डावीकडून घेऊ की उजवीकडून?"

कवळीकराने डोळे मिटले. आता हे दोघं सुरू होणार आणि आपलं विमान जाणार.

"उजवीकडून," मामा म्हणाला.

"उजवीकडून," आत्याही म्हणाली.

त्याने डोळे उघडले. आत्या खिडकीबाहेर बघत होती. जन्मभर जिने डावीकडचाच हट्ट धरला होता, तिने मान वळवली नाही. उजवीकडचा रस्ता खूप लांबून जातो, हे गाडीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

ड्रायव्हरने आरशातून कवळीकराकडे बघितलं. "साहेब, डावीकडून जवळ पडेल."

"ते म्हणतात तसं घ्या," कवळीकर म्हणाला.