सरांच्या स्वयंपाकघरातली संशोधक

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: एक ताई विद्यापीठात गणिताचं संशोधन करते. भल्याभल्यांना न सुटलेला एक प्रश्न तिने सोडवलाय. आणि आज, सुट्टीच्या सकाळी, ती आपल्या मार्गदर्शक सरांच्या घरी बटाटे सोलत बसली आहे.

हो, बटाटेच! सरांची गाडी धुणं, कपडे इस्त्रीला नेणं, लेकीला शाळेतून आणणं, हे सगळं त्या विभागात विद्यार्थ्यांनीच करायचं. नाही केलं, तर प्रबंधावरची सही लांबते. या वेठबिगारीला तिथे 'गुरुसेवा' म्हणतात. शब्द पाहा कसा धुतल्या तांदळासारखा!

आज परगावचे एक मोठे गणिती जेवायला यायचे होते. ताईची सिद्धता खरी की खोटी, हे सांगू शकणारा तो एकच माणूस. आणि तो संध्याकाळी परत जाणार.

"सर, पाहुण्यांना थोडा वेळ माझं काम दाखवू?"

"आधी जेवणं उरकू देत. पळून चाललंय का तुझं गणित?"

सरांच्या बायकोने वर टोमणा मारला. "तोंड काय पाडतेस गं? शिकताना मीही माझ्या सरांकडे धुणी धुतलीत. झिजले का?"

झिजल्याच होत्या. त्यानंतर त्यांनी गणिताचं पुस्तक उघडलं नव्हतं.

सरांची दहा वर्षांची लेक, घरात तिला वटवट म्हणत, सगळं ऐकत होती. तिला अपूर्णांक ताईनेच शिकवले होते, एकदाही न चिडता.

जेवताना पाहुण्यांनी ताईने सोडवलेला तोच प्रश्न काढला. "तुमच्याकडे यावर कुणी काम करतंय का?"

"छे हो! आजकालच्या पोरांना कष्ट नकोत," सर म्हणाले. "सगळं आयतं हवं."

हे ते बोलले तेव्हा ताई त्यांच्याच ताटात वाढत होती.

"बाबा, ही करते की!" वटवट म्हणाली. "हिला सुटलंय ते! तुम्हीच हिला बटाटे सोलायला बसवलंत."

"ही?" पाहुण्यांचा घास हातातच राहिला. "मला वाटलं, घरकामाला असते."

"तोंड बंद कर! ऊठ, आत जा!" सर गरजले.

वटवट उठली. आपली खुर्ची तिने पाहुण्यांसमोर सरकवली, ताईच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि तिला हाताला धरून बसवलं. मग स्वतःचं खरकटं ताट घेऊन ती आत गेली. नळ सोडून घासायला लागली.

बाहेर ताई बोलू लागली, तशी तिने नळाची धार बारीक केली.