उसना पणजा

सुलतानाने दिलेला ढोल रोज तिसऱ्या प्रहरी वाजे. तो वाजत असेतो तोक्तमुर बेगने हात बांधून उभं राहायचं, जागचं हलायचं नाही, असा दंडक होता. बेगला त्याचं भारी कौतुक. बाप दुसऱ्यांच्या मेंढ्या राखता राखता मेला. लेकाने तलवारीच्या जोरावर चारशे तंबूंची टोळी जमवली. पण नुसत्या तलवारीला सुलतानाच्या कोन्या शहरातल्या दरबारात कोण विचारतो? म्हणून भाटाला एक घोडा देऊन त्याने काराचोर आल्प नावाचा थोर पणजा आपल्या वंशावळीत घालून घेतला. सुलतानाला वंश पटला. ढोल आला, कुरणाची सनद आली.

ज्याचा पूर्वज घ्यावा त्याची वैरंही घ्यावी लागतात, हे मात्र ना बेगच्या ध्यानात आलं, ना त्या दीडशहाण्या भाटाच्या.

महिना झाला नाही तोच डोंगरापलीकडून तिघे आले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या सुंगुरने रक्ताने काळा पडलेला एक सदरा बेगपुढे पसरला.

"तुमच्या पणजाने आमच्या पणजाला जेवायला बोलावून मारलं. जुनं रक्त लेक दिल्याने मिटतं. तुम्हाला एक आहे म्हणे."

ढोलाबरोबर आलेला सुलतानाचा वकील शेजारी दही खात बसला होता; त्याने मान वर केली.

"कशाला जुनी मढी उकरता, आजोबा?" बेग हसायला गेला. "शंभर मेंढ्या घ्या."

"मेंढ्या आहेत आमच्याकडे. काराचोर तुमचा नसेल तर तसं सांगा. आल्या वाटेने जातो."

इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर वंश खोटा ठरून मुंडकं जाणार, चारशे तंबू उघड्यावर पडणार.

"माझाच तो," बेग म्हणाला.

दाराशी बेगची लेक आयबिके उभी होती. तिच्या मेलेल्या आजोबांची मेंढ्या कातरायची कात्री अजून तिच्या कमरेला असे. ती बापाच्या कानाशी लागली.

"बाबा, आजोबा मेंढ्या राखायचे, सांगा ना त्यांना."

"गप्प बस. तुला काय कळतं वंशातलं?"

तिने कात्री सोडून त्याच्यापुढे ठेवली. "मग ही ठेवा. काराचोराच्या घरी मेंढ्या कातरत नसतील."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तिला घोड्यावर बसवलं. खड्ड्यात गेला तो वंश, खरं सांगून टाकू, म्हणून बेगने पाऊल उचललं. तेवढ्यात ढोल सुरू झाला. वकील बघत होता. बेगने पाऊल मागे घेतलं आणि हात बांधले.

बेगची लेक सासरी निघाली म्हणून ढोलवाला जीव तोडून वाजवत राहिला. आयबिकेने वळणावर घोडा थांबवला, बाप येतोय का ते पाहिलं. तो उभाच होता. ढोल थांबला तेव्हा वाटेवर कुणी नव्हतं.