मोहाखालचा नंबर

आमचं घर कुजबुजीवर चालतं. निदान अर्धं वर्ष तरी. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरायला लागल्या की बाबा वडशाला जातात आणि होळीपर्यंत नाटकाच्या कंपनीत प्रॉम्प्टर असतात. झाडीपट्टीत आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरंच. नटांनी पाठ तरी किती करायचं? म्हणून बाबा विंगेत बसतात आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी बारीक आवाजात म्हणतात. पुढच्या रांगेतल्या लोकांना आधी बाबा ऐकू येतात, मग हिरो. त्याचं कुणालाच काही वाटत नाही. बाबा तर म्हणतात, "मी गप्प बसलो ना, तर हिरोले सोताच्या बापाचं नाव सांगता येनार नाई."

उरलेलं अर्धं वर्ष बाबा धानाची शेती करतात. पण तोंड मिटून राहणं त्यांना तेव्हाही जमत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जो घोळ झाला तो त्यातूनच झाला.

आता नूतन मॅडम. आमच्या शाळेत आठवी, नववी, दहावीला मराठी आणि इंग्रजी दोन्ही त्याच शिकवतात. भाषेच्या दुसऱ्या शिक्षकाची जागा कधीची रिकामी आहे. मागच्या वर्षी मॅडमचा आवाज इतका बसला होता की हजेरी घेताना आम्ही कान पुढे करायचो. वडशाची बस यायची तेव्हा त्यांच्या दोन्ही खांद्यांना वह्यांच्या पिशव्या असायच्या. त्या वह्या त्या बसमध्येच तपासायच्या, आणि खड्डा आला की बरोबरच्या खुणेचं शेपूट पार समासाबाहेर जायचं. वर्गात त्या वाक्य अर्धं म्हणायच्या आणि उरलेलं अर्धं आम्ही सगळे मिळून ओरडायचो. मी मागच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवायचे. मॅडमना कधीच कळलं नाही. एवढ्या तोंडांत कुणाचं बंद आहे हे कसं कळणार?

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडमनी काय केलं तर स्वतःच शिकून घेतलं, ऑनलाइन धडे कसे बनवायचे ते. शाळेला काही टॅब मिळाले होते, ते कपाटात धूळ खात पडले होते. मॅडमनी ते बाहेर काढले. सगळे धडे स्वतःच्या आवाजात भरले, खाली प्रश्न घातले. उत्तर चुकलं की टॅबच सांगतो, हे पुन्हा ऐक, इथे बघ. धड्यातलं संभाषण पुस्तक न बघता म्हणून आपल्या आवाजात भरायचं आणि नेटवर्क मिळालं की ते मॅडमकडे जायचं. शाळा उघडली त्या दिवशी त्या म्हणाल्या, "एकच धडा मी आता तीन-तीनदा ओरडणार नाही. तुम्ही तो पाहिजे तितक्यांदा ऐका. त्यात माझा जो वेळ वाचेल, तो तुमचा."

आम्हाला वाटलं, अशा गोष्टी पहिल्या दिवशी बोलायच्या असतात. पण मॅडमनी शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या. वर्ग टॅबवर काम करत असताना त्या एकेकाला तिथे बोलवायला लागल्या. वह्यांच्या पिशव्या गेल्या आणि नंबर आला. "आज माझा नंबर आहे," असं आम्ही सांगत सुटायचो. समोर फक्त मॅडम. पुस्तक नाही, फळा नाही. इंग्रजीत बोलायचं, कशाबद्दलही.

माझ्या पहिल्या नंबरला मी "राइस" एवढंच बोलले आणि लाजून मेले. मॅडम हसल्या नाहीत, पुढचा शब्दही पुरवला नाही. वाट बघत बसल्या. एखादं मोठं माणूस माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहतंय, असं याआधी कधी झालं नव्हतं. तिसऱ्या नंबरला मी आमच्या म्हशीची तक्रार सांगितली. पाचव्या नंबरला मॅडमनाच म्हटलं की तुमची साडी छान आहे, पण पिवळी जास्त छान. आता तर मला थांबवावं लागतं.

पण खरी गोष्ट सोमारीची आहे. सोमारी एटापल्लीकडची, सूरजागडच्या डोंगरापलीकडच्या गावची. तिच्या घरी माडिया बोलतात. आठवीत ती इथल्या वसतिगृहात आली, तेव्हा तिच्या मराठीला मुलं हसली आणि ती गप्प झाली. वर्षभर गप्प. तिचे पहिले काही नंबर असे गेले की मॅडम आणि ती नुसत्याच बसून असायच्या, जणू दोघी बसची वाट बघतायत. एक दिवस सोमारीने मॅडमच्या खुर्चीखालून एक मोठा मुंगळा काठीने बाजूला केला. मॅडमनी विचारलं, याला तुमच्यात काय म्हणतात? सोमारीने माडिया शब्द सांगितला. मॅडमनी तो चुकीचा म्हटला. सोमारी हसली, पुन्हा सांगितला. मॅडम पुन्हा चुकल्या. त्या दिवसापासून सोमारी बोलायला लागली. फक्त मोहाखाली. वर्गात अजून दगडासारखी.

मॅडमबद्दल मला सगळ्यात काय आवडत असेल, तर हेच. वाचलेला वेळ त्यांनी गप्प बसण्यावर खर्च केला. एवढी श्रीमंती मी कुणाचीच पाहिली नाही.

आता बाबा. नेटवर्क आमच्या गावात नीट मिळतं ते आमच्याच अंगणात. त्यामुळे संध्याकाळी सगळ्या मुली टॅब घेऊन आमच्याकडे. धानाची रोवणी आटोपली होती, नाटकांना वेळ होता, बाबा अंगणालगतच्या छपरीत बाज टाकून बसलेले. मॅडमचा आवाज रोज कानावर पडून पडून त्यांना सगळी इंग्रजी संभाषणं पाठ झाली. अर्थ एका शब्दाचा माहीत नाही. पण माझ्या वर्गातली दिव्यानी अडली की बाजेवरून बारीक आवाजात पुढचा शब्द आलाच. मग ती अडायच्या आधीच यायला लागला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरी याला कॉपी म्हणत नाहीत, नोकरी म्हणतात. आणि मॅडम ही रेकॉर्डिंगं बसमध्ये, इंजिनाच्या घरघरीत ऐकायच्या. त्यांना काय कळणार?

गावात मात्र कुरबुर सुरू झाली होती. मॅडम झाडाखाली एका पोरीशी गप्पा मारते आणि बाकीची पोरं डबड्याशी बोलतात, याला शिकवणं म्हणतात का? शाळा समितीचे अध्यक्ष लहानू भाऊ यांनी सभा बोलावली. पालक आले, बाबाही आले. नववीतल्या आम्हा काहीजणींना दाखवायला म्हणून मागे बसवलं होतं. हेडसर तसे मॅडमच्या बाजूचे, पण लहानू भाऊंच्या जास्त बाजूचे. ते म्हणाले, मुलं किती छान बोलतात ते लोकांना ऐकूच द्या, आणि टॅब त्यांनी पंधरा ऑगस्टच्या मोठ्या साऊंड बॉक्सला जोडला.

आधी दिव्यानीचं रेकॉर्डिंग लागलं. आणि तिच्या प्रत्येक वाक्याआधी, साऊंड बॉक्सच्या मेहेरबानीने अगदी स्वच्छ, एक पुरुषाची कुजबुज.

दुसरं लावलं. तीच कुजबुज. माझं लावलं, त्यातही.

तो आवाज ओळखत नाही असा माणूस आमच्या पंचक्रोशीत नाही. आधी एक बाई पदर तोंडाला लावून हसली, मग सगळी सभा. लहानू भाऊ बाबांना म्हणाले, "काऊन मिथुन, इंग्रजी कंपनी धरली का बे?" बाबांना आधी अभिमानच वाटला होता, मग त्यांनी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

हसणं संपल्यावर लहानू भाऊंनी साधंच सांगितलं. पोरं शिकत नाहीत हे दिसलं. सोमवारपासून टॅब कपाटात, आणि मॅडमनी पहिल्यासारखं फळ्यासमोर उभं राहून शिकवावं. झाडाखालच्या खुर्च्या आत घ्याव्या.

मी सोमारीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. फळ्यासमोर म्हणजे परत वह्यांच्या पिशव्या, बसलेला आवाज, अर्धं-अर्धं वाक्य. मी तर आता गप्प बसण्यातली राहिले नव्हते, माझं कसंही झालं असतं. पण मोह नसला तर सोमारी कुठे बोलणार होती?

मॅडम उठल्या. चूक माझी, म्हणाल्या, मी घाईत ऐकलं. पण शिकली की नाही हे यंत्राला विचारू नका, मुलांना विचारा. कुणालाही उभं करा, काहीही विचारा.

लहानू भाऊ हुशार माणूस. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि जी कधीच बोलत नाही तिच्यावर बोट ठेवलं. "ते मागची पोरगी."

सोमारी उभी राहिली. हेडसरांनी इंग्रजीत विचारलं, तुझे वडील काय करतात? ती गप्प. आणि त्या शांततेत बाबांचे ओठ हलायला लागले. मुद्दाम नाही हो. वीस वर्षांची सवय, समोर कुणी अडलं की ते आपोआप सुरू होतात.

मॅडम म्हणाल्या, "मिथुनभाऊ, आज तुम्ही नाही. आणि मीही नाही."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि त्याचं टोक दातांत धरलं. मॅडमनी हातातलं पेन दोन्ही मुठींत घट्ट धरलं. दोघंही सोमारीकडे बघत होते आणि दोघांनाही बोलायची सारखीच उबळ येत होती, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की मी स्वतःची जीभ चावून ठेवली.

मग सोमारी बोलली. वडील शेती करतात, मोह वेचतात, मासे छान पकडतात. हळू, पण सगळं इंग्रजीत.

लहानू भाऊंना पटलं नाही. "हे पाठ केलेलं असन," ते म्हणाले. "सर, माह्या सवाल इचारा. आमच्या गावात तिले काय आवडत नाई?"

हेडसरांनी विचारलं. सोमारीने एकदा छताकडे बघितलं, मग सरळ अध्यक्षांकडे. "लहानू भाऊ गोट," ती म्हणाली. "ही कम हॉस्टेल. ही ईट माय बुक."

हेडसरांना मराठीत सांगावंच लागलं, आणि ते त्यांनी जरा जास्तच खुशीत सांगितलं, की अध्यक्षांचा बोकड वसतिगृहात शिरतो आणि हिचं पुस्तक खातो. सभा हसून कोसळली. मी मात्र सोमारीकडे बघितलं. मुलं हसली म्हणूनच ही वर्षभर मुकी झाली होती. आता बसते की काय?

ती बसली नाही. हात वर करून उभी राहिली, लोकांचं हसणं संपेपर्यंत, अगदी मॅडम बसतात तशी शांत. मग म्हणाली, "वेट. आय नॉट फिनिश." आणि पुढे सांगितलं की त्याने तिची रिबीनही खाल्ली, दोन्ही वेण्यांची. "अँड ही इज नॉट सॉरी."

हे कळायला कुणालाच हेडसर लागले नाहीत.

हसण्याच्या गडबडीत बाबा उठले. दुपट्टा दातांतून काढला. सभेत बाबा कधी मोठ्याने बोलत नाहीत, त्यांना मोठा आवाज काढायची सवयच नाही. म्हणाले, "भाऊ, मी विंगेतून आवाज घालतो तं आधी कागद पाहतो. हा सवाल कागदावर नव्हता. तुमीच आत्ता काढला. याले कोनाच्याच बापाले प्रॉम्प्टिंग करता आलं नसतं. पोरगी सोताची बोलली." मग मॅडमकडे वळले. "तुमच्या डब्यात मी बोललो, ते चुकलं माह्यं. त्याचा राग पोरींवर काढू नका."

लहानू भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. टॅब राहू द्या, म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, बोकड बांधतो.

सभा उठल्यावर मॅडमनी कुणाला शाबासकी दिली नाही, भाषण केलं नाही. सोमारीला एवढंच विचारलं की रिबिनीचं मोहाखाली का नाही सांगितलंस? सोमारी म्हणाली, तुमी इचारलं नाई. आता मॅडम तिच्याकडे माडिया शिकतात. दर शुक्रवारी त्या खुर्चीत मॅडमचाच नंबर असतो, आणि सोमारी त्यांना अजिबात मदत करत नाही. मॅडम शब्दासाठी हवेत हात फिरवतात आणि ही मांडीवर हात ठेवून बघत राहते. इतकी कडक बाई मी दुसरी पाहिली नाही.

आमच्या अंगणात रेकॉर्डिंग अजून होतं. त्या वेळात बाबांनी विहिरीपलीकडे बसायचं, असं आईने ठरवून दिलंय. ते तिथून आमच्या तोंडांकडे बघत असतात, दुपट्टा दातांत धरून.

दिवाळीनंतर ते वडशाला गेले. पहिल्याच आठवड्यात फोन आला. हिरो भर प्रवेशात अडला, म्हणाले, आणि मी जरा थांबून पाहिलं. हिरोने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, घाम पुसला आणि वाक्य बोलला. संहितेतलं नव्हतं, पण बरं होतं. टाळी पडली. आत आल्यावर त्याने बाबांना धरलं, काऊन बे, झोपला होता का?

"मंग तुमी काय म्हनलं?" मी विचारलं.

"म्हनलं, नाई गा. तुह्या नंबर होता."

फोनवर मागे पेटी आणि तबला जुळवण्याचे आवाज येत होते. बाबा म्हणाले, ठेवतो आता, घंटा झाली, आणि मॅडमले सांगजो.

सांगितलं. मॅडमनी डबा खाताखाता ऐकलं आणि त्यांना इतकं हसू आलं की पाणी प्यावं लागलं.