डुगडुगी

शबनूरच्या रोबो-गाडीला सहा चाकं, एका बाजूला तीन. मधलं चाक तिनं मुद्दाम केसभर खाली ठेवलं होतं. सहाही चाकं जमिनीला टेकली की वळताना कोपऱ्यातली अडून बसतात, हे तिनं सगळ्यांना सांगून बघितलं. ऐकतो कोण! प्लायवूडचा नमुना डुगडुगतो म्हणून अख्ख्या कॉलेजनं त्याला नाव ठेवलं, डुगडुगी.

टीमचा कॅप्टन शशिधर. त्याच्या रोबोच्या चाकांवर तिरके रोलर होते, गाडी खेकड्यासारखी आडवी पळायची. बघणारा खूश. पुण्याच्या स्पर्धेला दोघांपैकी कुणाची गाडी जाणार, ते सर आज ठरवणार होते.

प्लायवूडच्या जागी बसवायच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून कालच आल्या होत्या. शबनूरनं घाईघाईत चाकं जोडली. गाडी सरळ झकास गेली आणि वळायच्या वेळी किंचाळत जागीच अडली. पोरं खिदळली.

तिनं गाडी उलटी केली. तिन्ही चाकं एका रेषेत! पट्ट्या करून देणाऱ्या गुंडूमामाला तिनं फोन लावला.

"व्हय, मधलं भोक खाली गेलतं की तुझं," मामा कौतुकानं म्हणाला. "मी लेव्हलला आणलं. कॉलेजात पोरीची इज्जत जायला नको म्हटलं!"

इज्जत राखणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? राग गिळून तिनं फोन ठेवला.

"वेळ संपली, शबनूर," सर म्हणाले.

"संपू दे. मी न्हाय संपले."

सायकलची जुनी ट्यूब कापून तिनं मधल्या दोन्ही चाकांवर घट्ट गुंडाळली. चाकं जाड झाली, गाडी डुगडुगली.

"परत डुगडुगतंय की!" शशिधर हसला.

"डुगडुगायलाच पायजे. ये म्होरं. आडवा पळ, तिरका पळ, दाराबाहेर गेलास की हरलास."

शशिधरची गाडी ऐटीत आडवी सरकली. डुगडुगी गर्रकन वळली आणि तिच्या कुशीत घुसली. रोलरच ते, रेटल्यावर नुसते फिरायला लागले. शशिधरनं रिमोट दाबदाब दाबला, पण त्याची गाडी आडवीच्या आडवी उंबऱ्यापलीकडं गेली. आता कुणी खिदळलं नाही.

सरांनी घसा खाकरला. "ठीक आहे, तुझीच नेऊ. पुण्याला जायच्या आधी तेवढी डुगडुग काढून टाक."

शबनूरनं फळ्याजवळचा खडू उचलला आणि गाडीच्या पट्टीवर ठळक अक्षरात लिहिलं, 'डुगडुगी'.

"ह्याच नावानं नोंदवा, सर."