सोमवारचा डबा

गुरुवारी दुपारी सित्र्याच्या पुलाजवळ पाण्याचा टँकर उलटला. टँकरमध्ये दोघे होते. एक हेमचंद्रचा गुंडूमामा आणि दुसरा रावजीचा धाकटा भाऊ पांडुरंग. एक जण जागीच गेला आणि एकाला पोलीस घेऊन गेले, इतकंच आखातातल्या मनामा शहरातल्या त्या चौघांच्या खोलीपर्यंत पोचलं. गेला कोण आणि नेलं कोणाला, हे मात्र कोणी सांगेना.

खोलीत चार खाटा होत्या. त्यातल्या दोन रिकाम्या. शुक्रवार सगळं बंद म्हणून तसाच गेला. हेमचंद्र आणि रावजी समोरासमोर बसून राहिले. दोघांनाही एकच प्रश्न पडला होता आणि दोघांना त्याची वेगवेगळी उत्तरं हवी होती. म्हणून तो प्रश्न कोणीच तोंडातून काढला नाही.

हेमचंद्र कोल्हापुरातून बी.एस्सी. करून मामाच्या आधाराने इथे आला होता. सित्र्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो पाण्यातले क्षार मोजायचा. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ती शोधून काढायची एक रीत असते, असा त्याचा ठाम विश्वास होता. शनिवारी रजा टाकून तो त्या रीतीनेच बाहेर पडला.

हॉस्पिटलात खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, शव बघायचं तर पोलिसांचं पत्र लागेल. पोलीस ठाण्यात सांगितलं, अपघाताच्या नोंदीची नक्कल हवी तर कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा आहे त्या मालकाचं पत्र आणा. मालक लंडनला होता. टँकर कंपनीच्या ऑफिसात दत्तप्रसाद नावाचा गिरगावचा अकाउंटंट होता. त्याने हेमचंद्रला आत घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघ, तू अजून नवा आहेस. त्या गाडीने एका इथल्या माणसाला उडवलंय. तो वाचतो की नाही ते ठरेपर्यंत आतला माणूस सुटणार नाही आणि कोणी बोलणारही नाही."

"पण नाव तरी? गाडी कोण चालवत होता एवढं तरी?"

"कागदावर तुझा मामा. पण पांडू लायसन्स नसताना चालवायचा, ते तुलाही ठाऊक आहे. म्हणून तर मी तोंड उघडत नाही. आणि तू ठाण्यात फार फेऱ्या मारू नकोस. विचारणाऱ्याचंही नाव लिहून घेतात. तुझा व्हिसा अजून कोरा आहे, बाबा."

हेमचंद्र बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. ठाण्यातल्या त्या शिपायाने त्याला नाव विचारलं होतं, आणि त्याने ते सांगितलंही होतं. रस्त्यावरून एक पोलिसांची जीप गेली, तर तो उगाचच एका कपड्याच्या दुकानात शिरला आणि तिथल्या चादरी चाचपत राहिला.

संध्याकाळी तो पुन्हा ठाण्याबाहेरच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. भिंतीच्या सावलीत काही बायका-पुरुष डबे घेऊन बसले होते. त्यातली एक हैदराबादकडची बाई, मसूदा, त्याच्याकडे बराच वेळ बघत होती.

"सुबह से पूछते फिर रहे ना तुम? पूछो मत, मियाँ. पूछने से क्या होता? खाना लाओ."

"खाना?"

"डब्बा दो गेट पे. आदमी अंदर है तो ले लेते. नहीं है तो वापस कर देते. बस, मालूम पड़ जाता." मग तिने बोट वर केलं. "चिठ्ठी मत रखना. एक जनी रोटी में चिठ्ठी डाली थी. हफ्ता भर सबके डब्बे बंद."

हेमचंद्रला ती रीत इतकी पटली की क्षणभर तो भीतीही विसरला. कोणाला काही विचारायचं नाही, तरी उत्तर मिळतं!

रविवारी रावजीने भात, डाळ आणि बटाट्याची भाजी केली. कांदा चिरताना हेमचंद्रने बोट कापून घेतलं, तेव्हा रावजी दोन दिवसांत पहिल्यांदा बोलला, "बीएस्सी झालंस, पण कांदो कापूक येणा नाय." सित्र्याच्या ठाण्यावर डबा परत आला. मनामाच्या ठाण्यावर, मसूदा बसायची तिथे, दारावर उस्मान नावाचा बलुची शिपाई होता.

"किसका?"

"टँकरवाला. हिंदी आदमी."

उस्मानने डब्याचे एकावर एक बसवलेले पुडे उघडून भातात चमचा फिरवून बघितला आणि डबा आत पाठवला. दोघांपैकी एक इथे होता.

"भाईसाब, नाम क्या है उसका? उमर?"

"मैं गेट पे हूँ. अंदर मैं नहीं जाता." उस्मानने इकडेतिकडे बघितलं. "यल्ला, जाओ. साहब देखेगा तो तुमको भी बिठाएगा."

दुपार कलल्यावर डबा परत आला. चाटूनपुसून साफ. साफ डबा काहीच सांगत नाही.

त्या संध्याकाळी हेमचंद्र खाटेवर बसून विचार करत होता. प्रयोगशाळेत दोन पांढऱ्या भुकट्या सारख्याच दिसल्या, तर असं काहीतरी घालायचं की एक विरघळेल आणि दुसरी तळाला बसेल. तो एकदम म्हणाला, "रावजीकाका, उद्या सोमवार."

"मगे?"

"मामा सोमवारी मासे खात नाही. लग्नाआधीपासून नाही. मागे साहेबाच्या पार्टीत उपाशी उठला होता. उद्या डब्यात मासे पाठवले तर…"

बोलता बोलता त्याला कळलं की आपण काय बोलतोय, आणि कोणाजवळ. तो थांबला.

रावजी स्टोव्हजवळ उकिडवा बसला होता. त्याने वर बघितलं. "माजो पांडू वार बघणा नाय. मिळात ता खाता."

"नको, काका. मालक येईल की आठवड्याभरात. पत्र मिळेल."

"आठवडोभर ह्या असा बसान रवाचा?" रावजीचा आवाज चिरकला. "घराकडे माजी म्हातारी आवस आसा. तुजी मामी आसा. एका घराक तरी खरा सांगूक होया. सुरमई हाडतंय मी फाल्या. मासो शिल्लक रवलो तर तुजो मामा. खाल्लो तर माजो पांडू. मागे वाद नाय."

"आत त्याला वार कळत असेल का, हीच शंका आहे."

"शुक्रवारचो मोठो नमाज भोंग्यावरसून सगळ्या गावाक ऐकाक येता. तेच्या फुडे मोजीत." रावजी हे सगळं आधीच मोजून बसला होता, हे हेमचंद्रच्या लक्षात आलं.

सोमवारी पहाटे रावजी मासळी बाजारात जाऊन आला. गावाहून आलेली तिरफळं त्याने जपून ठेवली होती, ती सगळी आमटीत घातली. घरच्या डब्यातली सोलं घातली. खोलीभर असा वास सुटला की शेजारचे केरळी डोकावून गेले. रावजी पांडूच्या आवडीचं कालवण करत होता. कोणालाही हात आवरता येऊ नये असं. आणि हेमचंद्र बघत होता. हे कालवण बिघडावं, करपावं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. आपला माणूस जिवंत असावा म्हणून इच्छा करायची, ती दुसऱ्याच्या भावाच्या मरणाची होत होती. त्याने मान फिरवून खालच्या पुड्यात भात भरला. वरच्यात बटाट्याची भाजी. मधल्या पुड्यात सुरमईच्या दोन तुकड्या.

उस्मानने झाकण काढल्यावर वास ओढून घेतला. "मच्छी! वाह. मेरे वास्ते भी लाओ कभी."

"ये पूरा अंदर जाना चाहिए, भाईसाब." हेमचंद्र म्हणाला.

"अमानत है. हम लोग हाथ नहीं लगाते," उस्मान जरा दुखावून म्हणाला आणि डबा आत गेला.

मसूदा भिंतीशी होती. आज तिचा डबा दारावरूनच परत आला होता. नवऱ्याला हलवलं, इतकंच तिला कळलं. कुठे, ते नाही. ती तो गरम डबा मांडीवर घेऊन बसून होती. हेमचंद्र तिच्याशेजारी बसला.

दुपार कलल्यावर त्याचा डबा परत हातात आला तसं त्याला वजन कळलं. दिवसभर तराजूजवळ काढणाऱ्याचा हात होता तो. डबा रिकामा नव्हता. आतून काहीतरी एका बाजूला सरकलं.

मामा जिवंत होता. त्याच्या डोळ्यांसमोरून भिंत, उस्मान, रस्ता सगळं पुसट झालं. आणि लगेच खोलीत वाट बघणारा रावजी आठवला. पुढच्या वळणावर एक मोकळं मैदान होतं, वाळूचे ढीग पडलेले. मधला पुडा तिथे उलटा केला, तर रावजीला अजून काही दिवस मिळतील. मालक येईपर्यंत. हेमचंद्र तिथे थांबला. कडीवर अंगठा ठेवला. मग त्याला वाटलं, त्या दिवसांत रावजी घरी पत्र टाकेल, पांडू आहे म्हणून. आईला. आणि शेवंतीमामी पांढरं कपाळ घेऊन बसेल, मामा जिता असताना. त्याने अंगठा काढला.

रावजी दारातच उभा होता. त्याने डबा घेतला, आणि उघडायच्या आधीच, नुसता हातात तोलून, त्याचा चेहरा उतरला. तरी तो आत गेला, खाली बसला, एकेक पुडा काढून ओळीने मांडला. भात संपलेला. भाजी संपलेली. मधल्या पुड्यात सुरमईच्या दोन्ही तुकड्या होत्या तशा, वर तेलाचा तवंग गोठलेला.

"काका," हेमचंद्र म्हणाला, "पांडूला बरं नसेल. डोक्याला मार असला तर माणसाला मासा नकोसा…"

"वाद नाय म्हटला मा काल?" रावजी हळू म्हणाला. "भाजी खाल्ल्यान, भात पुसून खाल्ल्यान. भूक आसा तेका. सोमवार ध्यानात आसा."

त्याने तो मासा पातेल्यात काढला आणि झाकला. डबा मोरीत नेऊन राख लावून घासायला लागला. बराच वेळ घासत होता. पाठमोराच म्हणाला, "फाल्या मंगळवार. फाल्या खायत तो. हीच गरम करून देतंय."

हेमचंद्र उठून त्याच्याजवळ गेला. त्याने धुतलेला पुडा हातात घेतला आणि फडक्याने पुसू लागला.

"हेमू," रावजी म्हणाला, "मालकाचा पत्र इला की त्या हॉस्पिटलात जावचा लागतला. माका एकट्याक भय वाटता. माझ्यावांगडा येतलंस मा?"

"येतो, काका."

रावजीने दुसरा पुडा त्याच्याकडे दिला.